भोगीच्या आधीचा रविवार: शहरातल्या वीस गुंठ्यांवर १२० माणसांचा हुरडा

पुण्याच्या पूर्वेला, हडपसर-मांजरीच्या पट्ट्यात, इमारतींच्या मध्ये अजून काही तुकडे शेती म्हणून टिकून आहेत. त्यातलंच एक वीस गुंठ्यांचं शेत डोळ्यांपुढे आणा. दक्षिणेला सात मजली इमारत, पश्चिमेला रस्ता आणि त्यावरचे दिवे, मध्ये काळी जमीन, ठिबक, एक गोठा, चिंचेचं जुनं झाड. शेताशी जोडलेली पन्नासेक कुटुंबं आठवड्याची भाजी इथून नेतात. त्यांना वर्षातून एकदा शेतावर बोलवायचं, सोबत नातेवाईक आणि शेजारी धरून १२० माणसं. निमित्त भोगी-संक्रांतीचं आणि पंगतीचा मान हुरड्याला.

हा कुठल्या एका शेताचा अहवाल नाही. या भागातल्या शहरी शेतांची मापं आणि दर हिवाळ्यात येणाऱ्या अडचणी धरून मांडलेला हा नमुना आहे. आकडे हिशेबाने काढलेले आहेत आणि ते कसे काढले हेही दिलंय, म्हणजे आपापल्या जागेवर ते बसवून घेता येतील.

अशा कार्यक्रमाची तयारी बहुतेक ठिकाणी डिसेंबरात सुरू होते. मंडप, आचारी, निमंत्रण, या क्रमाने. हुरडा मग बाजारातून आणावा लागतो, शेत नुसतं मागचा पडदा होतं आणि लोक मैदानावर फिरावं तसे वाफ्यांतून फिरतात. शेतावरचा सण सप्टेंबरात, पेरणीपासूनच सुरू व्हायला हवा. तारीख पिकाने सांगायची आणि आपण ती लोकांना कळवायची.

तारीख कशी काढायची

हुरडा म्हणजे ज्वारीच्या दाण्याची दूध आणि कडकपणा यांच्या मधली अवस्था. ती जेमतेम आठवडाभर टिकते. अलीकडे आलात तर दाणा चोळताना फुटून हाताला चिकटतो, पलीकडे गेलात तर निबर होतो आणि भाजूनही चिवट लागतो. पत्रिकेवरची तारीख आणि हा आठवडा जुळवणं हेच या प्रकरणातलं सगळ्यात अवघड काम.

वाण आधी ठरवायचं. रब्बीची मालदांडी ३५-१ दाण्यासाठी आणि कडब्यासाठी उत्तम. तिचाही हुरडा होतो, पण बोंडातून दाणा सहज सुटत नाही आणि चोळणाऱ्याचे हात दुखून येतात. हुरड्यासाठी सुरती, गूळभेंडी, कुचकुची ही जुनी वाणं किंवा राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची फुले उत्तरा आणि फुले मधुर ही वाणं घ्यावीत. गोडी जास्त, दाणा लवकर मोकळा होतो. फुले उत्तरा पेरणीपासून साधारण ९० ते १०० दिवसांत हुरड्यावर येते आणि भरलेल्या कणसातून ७० ते ९० ग्रॅम हुरडा मिळतो.

आता मागे मोजायचं. कार्यक्रम जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी, ११ तारखेला धरला, तर ९७ दिवस आधी म्हणजे ६ ऑक्टोबर. एवढ्यावर भरवसा ठेवून सगळी पेरणी त्या एका दिवशी केली, तर डिसेंबरातल्या थंडीवर सगळा डाव लागतो. रात्री कडक गारठल्या की पीक चार-सहा दिवस मागे पडतं, उबदार गेल्या की तितकंच पुढे धावतं. म्हणून तीन पट्टे करायचे आणि त्यांची टोकण ३० सप्टेंबर, ६ ऑक्टोबर आणि १२ ऑक्टोबरला करायची. ११ जानेवारीला ते अनुक्रमे १०३, ९७ आणि ९१ दिवसांचे असतील. गारठा जास्त पडला तर पहिला पट्टा बरोबर सापडेल, कमी पडला तर तिसरा. तिसऱ्या पट्ट्याला उशीर करताना १५ ऑक्टोबरच्या पुढे जायचं नाही, कारण उशिरा पेरलेल्या ज्वारीवर खोडमाशी तुटून पडते आणि पोंगेमर होते, म्हणजे रोपाचा मधला कोंब वाळतो.

प्रत्येक पट्टा केवढा हवा? माणशी दीडशे ग्रॅम हुरडा धरला तर १२० माणसांना १८ किलो. सत्तर ग्रॅमच्या हिशेबाने ती २६० कणसं. ४५ बाय १५ सेंटीमीटरवर टोकण केली, तर एका गुंठ्यात साधारण १,५०० ताटं बसतात. खोडमाशी आणि पाखरं मिळून वीस टक्के नेतील असं समजा, १,२०० उरली. त्यातली निम्मीच त्या दिवशी बरोबर हुरड्यावर असतील, म्हणजे ६००. तरीही गरजेच्या दुपटीहून जास्त. पट्टा एक गुंठ्याचा पुरतो. तीन पट्टे म्हणजे तीन गुंठे, बियाणं गुंठ्याला शंभर ग्रॅम, एकूण तीनशे ग्रॅम. एका जागी दोन दाणे टाकायचे आणि बाराव्या ते पंधराव्या दिवशी विरळणी करून एकच रोप ठेवायचं. कार्यक्रमाला न लागलेले दोन पट्टे वाया जात नाहीत, ते दाण्याला सोडायचे.

पाणी तीनदा: तिसाव्या, पन्नास-पंचावन्नाव्या आणि सत्तर-पंचाहत्तराव्या दिवसाच्या आसपास. एरवी नव्वद दिवसांनंतर चौथं पाणी देतात, ते इथे मुद्दाम टाळायचं. भारी काळ्या जमिनीत ओल पुरते, आणि त्या दिवसांत रान ओलं ठेवलं तर पाहुण्यांच्या पायांखाली त्याचं काय होतं ते पुढे येईलच.

इमारत आणि रस्त्यावरचा दिवा

गावातल्या शेतकऱ्याला या दोन गोष्टींचा विचार करावा लागत नाही. शहरातल्या शेतावर मात्र हुरडा बहुतेक वेळा इथेच फसतो.

पुण्यात जानेवारीच्या सुरुवातीला भर दुपारीही सूर्य जेमतेम ५० अंशांवर असतो, दक्षिणेकडे कललेला. सात मजली, सुमारे २१ मीटर उंचीच्या इमारतीची सावली दुपारी बारा-साडेबारालाही १७-१८ मीटर उत्तरेला पडते, आणि सकाळी नऊला त्याहून कितीतरी लांब. त्या सावलीतलं ताट उंच, बारीक आणि उशिरा निसवणारं, म्हणजे उशिरा कणीस बाहेर टाकणारं होतं. सप्टेंबरात जागा निवडताना सावली पाहिली तर फसगत होते, कारण तेव्हा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो आणि सगळं शेत उन्हात दिसतं. सावली जानेवारीतली हवी. आदल्या वर्षी जानेवारीत दुपारी खुंट्या ठोकून ठेवल्या असतील तर उत्तमच, नाहीतर इमारतीच्या उंचीएवढं अंतर सोडून पेरावं.

दिव्याची गोष्ट सहसा लक्षात येत नाही. रब्बी ज्वारी दिवस लहान आणि रात्र मोठी होत गेली की फुलोऱ्यावर येते. रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड रात्रभर अंगावर पडत राहिला, की त्या ओळींना रात्र मोठी झाल्याचं कळतच नाही. बाकीचा पट्टा निसवलेला आणि रस्त्याकडच्या ओळी अजून पानातच, असं दृश्य दिसलं की कारण वर खांबावर असतं. ना पाणी, ना खत, त्यावर दुसरा उपाय नाही. रस्त्याकडची दहा-बारा मीटरची पट्टी मेथी, पालक, मुळा, गाजर यांना द्यावी आणि ज्वारी आत न्यावी.

पाखरांचा बंदोबस्त हुरड्याच्या पट्ट्यापुरताच करायचा. भोरड्यांचे थवे हिवाळ्यात ज्वारीवर उतरतात, पोपट कणीस मोडून अर्धं खातो आणि अर्धं खाली टाकतो. चमकत्या फिती पहिले चार दिवस काम करतात, मग पाखरं सरावतात. बारीक नायलॉनची जाळी टाकू नये, पक्षी अडकून मरतात. पाहुण्यांसाठी राखलेल्या कणसांना दाणा भरायला लागल्यावर कागदी पिशव्या बांधणं हाच सगळ्यात शांत उपाय. ३५० पिशव्या आणि दोन जणांची एक सकाळ एवढंच लागतं. ढगाळ हवा चार दिवस टिकली तर मावा येतो आणि पानं चिकट चकाकू लागतात, ज्याला चिकटा म्हणतात. या अवस्थेला औषध फवारलेलं कणीस हुरड्याला चालत नाही. चिकट कणसं बाजूला ठेवायची आणि दुसऱ्या पट्ट्याकडे वळायचं.

निमंत्रण

डिसेंबरच्या सुरुवातीला लोकांना दोन रविवार कळवायचे: ११ किंवा १८ जानेवारी, दोन्ही राखून ठेवा. पट्टा फुलोऱ्यावर आला की तारीख लिहून ठेवायची. त्यापुढे साधारण तीन-साडेतीन आठवड्यांनी हुरडा येतो, त्यामुळे डिसेंबर संपता संपता अंदाज बांधता येतो. नक्की तारीख दहा दिवस आधी जाहीर करायची.

शेवटची परीक्षा बोटांनी. पट्ट्याच्या चार कोपऱ्यांतून आणि मधून एकेक कणीस घ्यायचं, कणसाच्या मध्यावरचा दाणा काढून नखाने दाबायचा. पांढरं दूध उडालं तर अजून पाच-सहा दिवस. नख रुतलं, आत मऊ कणकेसारखं लागलं आणि दाण्याचा हिरवेपणा तसाच असेल, तर झालं. नख नुसतंच उमटलं तर वेळ गेली. पाचपैकी तीन कणसं बरोबर असली की त्या पट्ट्यावर कार्यक्रम करायला हरकत नाही.

आणि तिन्ही पट्टे हुकले तर? असं क्वचित होतं, पण तयारी हवी. ऑक्टोबरच्या मध्यावर एक गुंठा हरभरा लावून ठेवावा. जानेवारीत तो घाट्यांनी भरलेला असतो. डहाळे तसेच आगटीत, म्हणजे गोवऱ्यांच्या निखाऱ्यांच्या खड्ड्यात, भाजले की हुळा होतो, काही भागांत त्याला हावळा म्हणतात. लहान मुलांना खरं तर तोच जास्त आवडतो.

प्रवेश अगदी फुकट ठेवला की आकडा हाती राहत नाही. माणशी थोडी रक्कम आधी घेतली की येणाऱ्यांची संख्या खरी कळते आणि भाकरीचं पीठ त्याप्रमाणे दळता येतं.

माणसं शंभराच्या वर जाणार असतील तर आणखी एक काम आहे. घनकचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे परवाना नसलेल्या जागेवर शंभराहून जास्त माणसांचा कार्यक्रम करायचा, तर महापालिकेला किमान तीन कामाचे दिवस आधी कळवावं लागतं आणि कचरा जागेवरच वेगळा करून द्यावा लागतो. १२० माणसं या नियमात बसतात. पत्र देऊन पोच घ्यावी. ध्वनिक्षेपक ठेवूच नये. परवानगीची धावपळ वाचते, गोठ्यातली जनावरं बुजत नाहीत आणि जात्यावरच्या ओव्या म्हणणाऱ्या आज्जींचा आवाज ऐकू येतो.

पायाखालची जमीन

१२० माणसं म्हणजे २४० पाय. काळी जमीन कोरडी असेल तर ते सोसते. ओली असेल तर एका दिवसात अशी दबते की पुढची दोन पिकं मुळं पसरायला झगडतात. म्हणून कार्यक्रमाच्या आठ-दहा दिवस आधी वाटांच्या कडेच्या वाफ्यांचं पाणी बंद करायचं किंवा अगदी कमी करायचं. मुख्य वाट चार फुटांची हवी, म्हणजे समोरून येणारी दोन माणसं वाफ्यात पाय न टाकता एकमेकांच्या बाजूने जातात. वाट तीन फुटांची असली की कुणीतरी एक पाय वाफ्यात टाकतंच. वाटेवर उसाच्या पाचटाचा तीन इंचांचा थर द्यायचा. ठिबकच्या नळ्या वाट ओलांडत असतील तिथे सोडवून बाजूला गुंडाळायच्या. मुलं त्यात अडकून पडतात आणि नळी जोडापासून निसटते, जे दुसऱ्या दिवशी मोटर सुरू केल्यावरच कळतं.

शिवारफेरी वीस-वीस जणांची. सहा गट, दर वीस मिनिटांनी एक गट सोडायचा, फेरी चाळीस मिनिटांची. कुठल्याही क्षणी शेतात चाळीसहून जास्त माणसं नसतात. पहिला गट साडेनऊला, सहावा अकरा दहाला. बाकीचे तोवर चिंचेखाली बसून पावटे आणि घाटे सोलतात. सोलाणे दोन किलो हवेत आणि ते काम एकट्यादुकट्याने होत नाही. गोल बसून सोलताना अनोळखी माणसं आपोआप बोलू लागतात, त्यासाठी वेगळा खेळ लागत नाही.

गाड्या आत घेऊ नयेत. मोकळ्या वाफ्यावर एक दिवस गाड्या लागल्या की नांगरटीशिवाय तो वाफा मऊ होत नाही. निमंत्रणातच बस आणि रिक्षाचा थांबा लिहावा, वयस्करांसाठी फाटकापाशी उतरायची सोय ठेवावी. दोन दिवस आधी वाटेकडचं गवत कापून घ्यावं, आणि कडब्याच्या गंजीभोवती दोरी बांधावी. गंजीत उंदीर असतात, आणि उंदरांमागे साप येतो. सर्पमित्राचा क्रमांक आणि सर्पदंशावरचं प्रतिविष असलेलं जवळचं रुग्णालय फाटकावरच्या फळ्यावर लिहिलेलं असावं.

आगटी

दोन आगट्या लागतात. खड्डा दोन फूट रुंद, नऊ इंच खोल, तळाला कोरडी माती. गंजीपासून, कुंपणापासून आणि मंडपापासून किमान पन्नास फूट दूर. गोवऱ्या दिवाळीनंतर थापून वाळवलेल्या हव्यात. पावसाळ्यातल्या गोवरीत ओल राहते, ती तासभर नुसती धुमसते, कणसाला धुराचा कडवट वास लागतो आणि शेजारच्या इमारतीच्या खिडक्या बंद होऊ लागतात. एका आगटीला सुरुवातीला पंधरा, मग दर अर्ध्या तासाला पाच. अडीच तासांना चाळीस. दोन आगट्यांना ऐंशी, हाताशी शंभर ठेवाव्यात. पेटवायला तुराट्या आणि कापूर. कागदी खोके, प्लास्टिक, रॉकेल काहीही नाही. शहरात उघड्यावर कचरा जाळायला बंदी आहे, आणि त्याही आधी हे अन्न आहे.

वेळ महत्त्वाची. जानेवारीच्या सकाळी थंड हवा जमिनीलगत बसलेली असते आणि धूर वर न जाता आडवा पसरतो. सव्वानऊच्या आधी आगटी पेटवू नये. ऊन चढलं की हवा मोकळी होते. शेजाऱ्यांना आदल्या दिवशी सांगून ठेवावं आणि दुपारी वाटीभर हुरडा त्यांच्या दारी न्यावा.

ज्वाळा संपून धूर थांबेपर्यंत, म्हणजे सुमारे पाऊण तास, काही भाजायचं नाही. घाई इथेच होते. ज्वाळेवर धरलेलं कणीस बाहेरून काळं आणि आत कच्चं राहतं. निखाऱ्यावर राखेची पांढरी साय धरली की दहा कणसं, दांडा बाहेर ठेवून, निखाऱ्यात खुपसायची आणि गरम राख वरून ओढायची. तीन ते पाच मिनिटं, मध्ये एकदा फिरवायची. दाणे तडतडायला लागले की काढायची.

चोळण्याचं काम बघत राहावं असं असतं. सरावाची बाई कणीस दांड्याला धरून गोणपाटावर दोनदा आपटते, राख झडते. मग दोन्ही तळव्यांमध्ये धरून, दाब मनगटाकडून बोटांकडे नेत, ते फिरवते. हिरवे दाणे सुपात टपटप पडतात आणि बोंडं सोनेरी भुश्यासारखी वर येतात. सूप तीनदा झटकलं की भुसा पुढे उडतो आणि मागे गरम, ओलसर, हिरवट हुरडा उरतो. पाखडणं टाळू नये, कूस घशात अडकते आणि मुलांना ठसका लागतो. हा हुरडा दहा मिनिटांत खायचा, गार झाला की चिवट होतो.

हिशेब असा: दहा कणसांच्या घाण्यातून सातशे ग्रॅम, एका घाण्याला दहा मिनिटं, एका आगटीचे तासाला चार किलोंहून थोडं जास्त. दोन आगट्यांचे अडीच तासांत वीस-एकवीस किलो. प्रत्येक आगटीला तीन माणसं: एक भाजायला, दोन चोळायला-पाखडायला. आगटीभोवती सहा फुटांवर दोरी, आत फक्त ती तिघं. ओढण्या, पदर, झालरीचे फ्रॉक निखाऱ्याजवळ नकोत. पाण्याच्या दोन बादल्या आणि एक घमेलं वाळू तिथेच.

कणसं आदल्या दिवशी तोडू नयेत, तोडल्यावर गोडी उतरते. सकाळी शंभर तोडून ओल्या गोणपाटात ठेवायची, पुढची लागतील तशी. पाहुण्यांना तोडायची हौस असतेच, त्यासाठी वाटेलगतच्या दोन ओळी राखाव्यात, विळा मात्र शेतावरच्याच माणसाच्या हातात. सोबत शेंगदाण्याची आणि लसणाची चटणी, दही, गूळ, बोरं, उसाचे करवे.

हात आणि पाणी

शेतावर आलेल्या मुलांना जीवामृत दाखवावं असं सगळ्यांनाच वाटतं, आणि वाटायलाही हवं. २०० लिटर पाणी, १० किलो ताजं शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन, बांधावरची मूठभर माती. मुलं कोपरापर्यंत हात बुडवून ढवळतात. पण हे सकाळी दहाला ठेवलं आणि साडेदहाला हुरडा, तर तेच हात सुपात जातात. हुरडा हाताने चोळून हातानेच खातात, त्यामुळे शेणातले जंतू पोटात जायला याहून सरळ वाट नाही. क्रम उलटा करावा. जीवामृत जेवणानंतर अडीचला, आणि त्यापुढे साबणाने हात धुतल्याशिवाय तिळगूळ नाही. जेवणाच्या जागेकडे जाणारी वाट हात धुण्याच्या नळांपासूनच जावी, चार तोट्या आणि दोन साबण. नळ बाजूला असला की निम्मे लोक तिकडे जात नाहीत.

याच कारणाने ‘उपटा आणि खा’ म्हणून गाजरं मुलांच्या हाती देऊ नयेत. त्या वाफ्याला ताज्या शेणाचं काही दिलं असेल तर ती कच्ची खायची नाहीत. मुळात पाणी कुठलं आहे तेही बघावं. या पट्ट्यात मुंढव्याच्या जॅकवेलमधून (पाणी उपसायच्या विहिरीतून) प्रक्रिया केलेलं सांडपाणी बेबी कालव्यात सोडलं जातं आणि पुढे शेतीला मिळतं. ते शेतीचं पाणी आहे. गाजर, मुळा, कोथिंबीर पिण्याच्या पाण्याने धुवावी, आणि शंका असेल तर शिजवूनच द्यावी.

पाण्याचा अंदाज: पिण्याला माणशी एक लिटर म्हणजे १२० लिटर, वीस लिटरचे सहा जार, हाताशी एक-दोन जास्त. हात धुवायला माणशी तीन लिटर, ३६०. स्वयंपाक आणि भांडी दोनशेच्या आसपास. हजार लिटरची टाकी भरलेली असली की दुपारी धावपळ होत नाही. शौचालयं किमान तीन, त्यातलं एक पायऱ्या नसलेलं.

भोगीची पंगत, बोरन्हाण, वाण

पंगतीत भोगीची भाजी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, मुगाची खिचडी, लोणी. भाजीला माणशी दीडशे ग्रॅम धरून १८ किलो: वांगी ४, गाजर ३, पावटा आणि घेवडा मिळून ३, बटाटा ३, सोललेला वाटाणा २, सोलाणे २, शेंगदाणे आणि बोरं अर्धा-अर्धा किलो. वर पाऊण किलो तिळाचं कूट. भाकरी माणशी दोन, २४०. एका भाकरीला ६५ ग्रॅम पीठ, एकूण सोळा किलोंच्या आसपास. बाजरी दोन-तीन दिवस आधीच दळावी, जुनं पीठ कडू होतं. एक बाई एका चुलीवर तासाला तीस-पस्तीस भाकऱ्या करते. म्हणजे दोघींना साडेतीन-चार तास, पहिली भाकरी नऊला तव्यावर हवी. हे काम नोंदणी असलेल्या बचत गटाला पूर्ण मोबदल्यावर द्यावं. ‘आपल्याच मावशी आहेत’ म्हणून फुकट करून घेऊ नये.

बोरन्हाण अकराला, चिंचेखाली, खाली मोठं धोतर किंवा चादर अंथरून. बोरं, चुरमुरे, उसाचे तुकडे, हरभरे, रेवड्या. वेष्टनातली चॉकलेटं नकोतच. एक-दोन वेष्टनं उडून वाफ्यात जातात आणि पुढच्या कुळवणीला सापडतात. चार वर्षांखालच्या मुलांच्या तोंडात हरभरा, शेंगदाणा, रेवडी जाऊ नये म्हणून प्रत्येकापाशी एक मोठं माणूस बसलेलं हवं, हे घशात अडकणारं खाणं आहे. पतंग शेतावर नाहीत. मांजा झाडावर राहतो आणि पाखरं त्यात सापडतात.

हळदीकुंकवाला वाण म्हणून रोप द्यायचं असेल तर तेही मागे मोजूनच. साठ बायकांसाठी ऐंशी रोपं. टोमॅटोचं रोप द्यायला तीस दिवस पुरतात. मिरचीचं बी डिसेंबरच्या थंडीत उगवायलाच दहा-बारा दिवस घेतं, ते नोव्हेंबरच्या शेवटी टाकावं. प्लास्टिकच्या पिशवीऐवजी नारळाच्या करवंटीत, तळाला भोक पाडून. रोपाबरोबर चिठ्ठी: कुंडी किमान दहा इंची, ऊन किमान पाच तास, तीन दिवस सावलीत ठेवून मग उन्हात.

दुसऱ्या दिवशी

पत्रावळी शिवलेल्या पानांच्या असतील तर हाताने फाडून खतात जातात. पानांना आतून प्लास्टिकचा पातळ पापुद्रा लावलेल्याही मिळतात, त्या कुजत नाहीत. घेतानाच एक पत्रावळ पाण्यात तासभर भिजवून बघावी, पापुद्रा सुटून येतो. उरलेलं अन्न सुक्या पाल्यात थराथराने, एक भाग अन्नाला तीन भाग पाला, नाहीतर वास येतो आणि घुशी येतात. आगटीची राख वाफ्यात ओतू नये. इथली काळी जमीन मुळातच विम्लतेकडे, म्हणजे आम्लाच्या उलट बाजूला, झुकलेली आहे आणि राख तिला आणखी तिकडेच नेते. भांडी घासायला ठेवावी, उरली तर खताच्या ढिगात मूठ-मूठ.

तोडलेल्या पट्ट्याची ताटं हिरवी असतानाच कापून कुट्टी करून गाईला द्यावीत, ती गोड असतात. कापल्यावर बुडख्यातून कोवळे धुमारे फुटतात. ते जनावरांना अजिबात घालायचे नाहीत आणि त्यात शेळ्या सोडायच्या नाहीत. ज्वारीच्या कोवळ्या फुटव्यात हायड्रोसायनिक आम्ल तयार होतं, किराळ लागते, म्हणजे विषबाधा होते, आणि जनावर तासाभरात दगावू शकतं. बुडखे कुळवून काढणं बरं.

वाटांवरचं पाचट गोळा करून वाफ्यांवर आच्छादन म्हणून पसरायचं. जिथे पाय वाफ्यात पडलेच तिथे काट्याने माती सैल करायची, नुसतं पाणी सोडून ती मऊ होत नाही. आणि तिन्ही पट्ट्यांच्या पेरणीच्या, फुलोऱ्याच्या, नखाच्या परीक्षेच्या तारखा, कोणता पट्टा उपयोगी पडला आणि डिसेंबरातल्या थंडीचे दिवस गोठ्याच्या आतल्या भिंतीवर, पावसाचं पाणी लागत नाही तिथे, गेरूने लिहून ठेवायचे. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात टोकणीची दोरी काढायला गोठ्यात जावंच लागतं.